रनिंग टोटल आणि ती न लिहिलेली फ्रेम

पुन्हा तोच रिपोर्ट, पुन्हा तीच बोंब! प्रत्येक खात्याची ओळीगणिक रनिंग टोटल, म्हणजे त्या ओळीपर्यंतची एकूण बेरीज, हवी. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरीत पार्टिशन बाय खाते (खात्यानुसार गट) असतं, ऑर्डर बाय तारीख (तारखेनुसार क्रम) असतं, फ्रेम, म्हणजे बेरजेत कुठपासून कुठपर्यंतच्या ओळी धरायच्या, ती मात्र कुणी लिहीत नाही. मग एसक्यूएल आपलं 'रेंज' (एकाच तारखेच्या ओळी एकत्र धरणारी फ्रेम) धरून चालतं आणि एका तारखेच्या सगळ्या ओळींवर तोच आकडा, दिवसअखेरचा! अरे, शिल्लक ओळीओळीने बदलायला हवी ना? 'ROWS UNBOUNDED PRECEDING' (पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत) एवढं लिहायला काय जातं? आणि तारखेमागे व्यवहार क्रमांकही लावा, नाहीतर एकाच दिवसातल्या ओळींचा क्रम दरवेळी बदलू शकतो. अशी ओळींच्या गटावर हिशेब करणारी विंडो फंक्शन्स 2003 च्या एसक्यूएल मानकातच आहेत. तरी अजून लाखो ओळींवर कर्सर (एकेक ओळ वाचत जाण्याची पद्धत) फिरवत बसणारे भेटतात, आणि वर म्हणतात डेटाबेस स्लो आहे!