ॲटमचा जनसंपर्क

माणसांचा कंटाळा आला की मी गेम खेळतो. टोकियोत निशिकासाईला राहायचं आणि रोज मेट्रोने ताकादानोबाबा गाठायचं, म्हणजे सकाळी सकाळी माणसांचा कंटाळा येण्याची हुकमी सोय. परक्या कोपरांच्या जंगलात जेमतेम जागा करून मी गेमबॉय ॲडव्हान्स एसपी हा हातात मावणारा गेम-कन्सोल उघडतो आणि सेगा कंपनीचा २००३ सालचा ‘ॲस्ट्रो बॉय’ लावतो.

चित्रकथाकार ओसामू तेझुकांचा हा यंत्रमानव पोरगा १९६३ च्या १ जानेवारीला जपानी टीव्हीवर आला. इथे सगळे त्याला ॲटमच म्हणतात. बोटातून लेझर, हातातून तोफ, पायातून जेट, आणि शत्रूंनी फारच गर्दी केली की चक्क पार्श्वभागातून मशीनगन! या शेवटच्या सोयीचं महत्त्व सोफ्यावर बसून खेळणाऱ्याला कळायचं नाही.

पण गोम पुढे आहे. नुसतं बडवून ॲटमची ताकद वाढत नाही. लोकांच्या ओळखी करून घेतल्या की वाढते. तेझुकांनी तरी माणसं किती जमवावीत! ब्लॅक जॅकसारखी त्यांच्या इतर कथांमधली मंडळीही इथे वस्तीला. बरं, मरतमरत शेवट गाठावा, तर सगळा सत्यानाश होतो, आणि मग फिनिक्स पक्षी ॲटमला उठवून सांगतो, काळात मागे जा. लग्नपत्रिका वाटून दमून घरी यावं आणि निम्मे नातेवाईक राहिल्याचं कळावं, तसं माझं झालं.

राहिलंय कोण, याच्या खुणा संवादांत. संवाद जपानीत. पडदा तीन इंचांहून लहान, त्यावर मुंग्यांएवढी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं. इथल्या शाळेत शिकणारी लेक खांद्यावरून डोकावून म्हणते, “बाबा, तू त्या आजोबांशी बोललाच नाहीस!”

“तो खालच्या जोश्यांशी तरी कुठे बोलतो?” आतून आवाज येतो.

परवा एका राक्षसी यंत्राला मी जवळपास संपवलंच होतं, तेवढ्यात शेजारचे पिकल्या केसांचे गृहस्थ पडद्याकडे बघून हरखले. “ओ, आतोमु!” म्हणाले आणि किंचित लवले. मीही लवलो. ते पुन्हा लवले. मग मला पुन्हा लवणं भागच होतं.

यंत्राला मात्र तसली काही रीतभात नव्हती.