आंब्याला स्वेटर

रात्री दीड वाजता फोन वाजला की माणसाच्या पोटात गोळाच येतो. कोण गेलं? आमच्याकडे कोणी गेलेलं नसतं. भाच्याच्या कुंडीतल्या आंब्याचं आणखी एक पान गेलेलं असतं.

पठ्ठ्या स्कॉटलंडात, एडिंबराला असतो. तिथं तेव्हा रात्रीचे आठ, जेवण आटोपून निवांत. या आठवड्यात आमच्या शेताची लाइन, म्हणजे मोटरीची वीज, रात्रीची आहे, म्हणजे मामा मोटरीजवळच सापडणार, हे त्याला पक्कं ठाऊक. डिसेंबरचा गारठा, डोक्याला दुपट्टा, पाय गव्हाच्या चिखलात, एका हातात फावडं अन् दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर एक करपलेलं पान. "मामा, कडा काहून जळल्या?"

अबे, जळतील नाही तं काय फुलतील? कुंडी हीटरला चिकटलेली, मागं बर्फासारखी काच. डिसेंबरात तिथं दिवस सात तासांचा, अन् त्यातही ढग. उजेड नाही म्हणून झाड थांबलेलं, माती गार म्हणून मुळं पाणी ओढत नाहीत, अन् हा रोज तांब्याभर ओततो. ते पाणी तिथंच साचतं, मुळं कुजतात. मग पान सुकतं. पान सुकलं की याला वाटतं झाडाला तहान लागली, पुन्हा तांब्या! किती वेळा सांगितलं, बोट घाल मातीत, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी दे. "हो मामा." दुसऱ्या रात्री पाहावं तर कुंडीखालच्या बशीत पाणी तरंगतंय.

हे पोट्टं वरुडच्या संत्र्याच्या बागेत वाढलं हो! आंबिया बहारासाठी, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या वेळी येणाऱ्या संत्र्याच्या फुलांसाठी, याच महिन्यात आपण झाडाचं पाणी तोडतो, ताणावर सोडतो. आजोबांच्या मागं फिरून त्यानं हे लहानपणापासून पाहिलंय.

अन् झाड कशाचं, तर तिथल्या दुकानातून आणलेल्या हापूसच्या कोयीचं. म्हणे हापूस लागेल. कोयीतून हापूस येत नसतो बाप्पा, त्याला कलम लागतं. कोयीचं झाड इथल्या उन्हातसुद्धा फळाला सहा-आठ वर्षं घेतं. तिथं भर जुलैत दुपारी जेमतेम १९ डिग्री! इथं तेवढ्यात आम्ही शेकोटी पेटवतो. मोहर आलाच चुकून, तर फळ पोसायला तीन-चार महिने ऊन कुठून आणणार? घरात ठेव, शोभेचं झाड म्हणून वाढव, माझी ना नाही. पण मला लोणच्याची फोड कधी करायची ते विचारू नको.

परवा तर कहर झाला. त्यानं झाडाच्या बुंध्याला लाल स्वेटर घातला अन् फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. लगेच सुरू. "वा! मातीची ओढ!" "सातासमुद्रापार आंबा!" ताईनं तर डोळ्यात पाणी आलेले चेहरे टाकले. त्याच ग्रुपवर मी आठ दिवसांआधी पाच झाडांना डिंक्या लागल्याचे फोटो टाकले होते. खोडातून डिंक गळतोय, सालं कुजली, मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट लावून हात निळे झाले. कोणी साधा अंगठा दाखवला नाही. तोही साचलेल्या पाण्याचाच रोग आहे, पण त्याला स्वेटर नव्हता ना.

(आमच्या आईनं विहिरीपाशी नारळ लावला होता, तो दर मे महिन्यात झावळ्या टाकून बसायचा. हे मी भाच्याला सांगणार नाही.)

काल पुन्हा दीडला फोन. "मामा, मी आता पपई पण लावली." मी फावडं बांधावर टेकवलं अन् पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. उजेड, गार माती, साचलेलं पाणी, कुजलेली मुळं. चांगला अर्धा तास. फोन ठेवून टॉर्च मारतो तर पाण्याचा दांड फुटलेला.

सकाळी शेजारी धुऱ्यावर उभा. "भाऊ, रातभर माह्या हरभऱ्यात पाणी सोडलं. हरभऱ्याले इतकं पाणी चालते का?"