सोपी वाट, म्हणून दुय्यम?

"ना चढ, ना कडा, तासाभरात परत. त्यात काय आहे?" रानातल्या ओढ्याकाठच्या गोल फेरीबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

अवघड चढावर माझी नजर पुढच्या पावलावर खिळलेली असते. धाप लागते, हात आधार शोधत असतात, भोवतालचं रान दिसतच नाही. सपाट पायवाटेवर पाय आपसूक चालतात आणि डोळे-कान मोकळे होतात. मी या वाटेवर जाते ते एवढ्याचसाठी.

परवा एका वळणावर थांबले. बाहेरच्या काठावर पाणी वेगानं आदळतं, माती कापतं, तिथं झाडाची मुळं उघडी पडली होती. आतल्या काठाला धार मंदावते, म्हणून तिथं वाळू साचलेली. म्हणजे हा ओढा वर्षानुवर्षं जागा बदलत चाललाय! पुढे दगडांवरून खळाळ, आणि लगेच खालच्या डोहात शांतता. तो खळाळ मुख्यतः पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. डोहात बुडबुडे नाहीत, म्हणून आवाजही नाही.

मग पाण्यात कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या दिसणाऱ्या किड्याची अळी दिसली. ही अळी स्वतःच्या रेशमानं वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते घेऊनच सरपटते. अर्धा तास मी उकिडवी बसून होते. कडा चढताना हे जमलं असतं?

ओढ्यातली पानं 'कचरा' म्हणून काढणाऱ्यांशी मी वाद घालते. सावलीतल्या लहान ओढ्याचं पोट मुख्यतः याच पानांवर भरतं. पानं भिजतात, त्यांच्यावर बुरशी चढते, मग किडे ती कुरतडतात आणि मासे त्या किड्यांवर जगतात. फोटोसाठी दगडांचे मनोरे रचणाऱ्यांनाही विनंती आहे, दगड उचलू नका. त्यांच्या बुडाशी अंडी असतात, अळ्या चिकटलेल्या असतात.

फेरीचा उरलेला अर्धा भाग ओढ्यापासून दूर जातो. पाण्याचा आवाज विरत जातो, मग आपल्याच पावलांखालची पानं ऐकू येतात. रविवारी मी उलट्या बाजूनं निघणार आहे. तसं गेलं की आधी ही शांतता, आणि ओढा नंतर, तोही डोळ्यांआधी कानांना भेटतो.