पर्सुएशनचा रोल: जीभ खेळाडूची मोजायची की पात्राची?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारख्या, फाशांवर चालणाऱ्या रोलप्लेइंग खेळात पात्राला कुलूप उघडायचं असेल तर डीएम (खेळ चालवणारा डन्जन मास्टर) खेळाडूच्या हातात खरं कुलूप देत नाही. वार करायचा म्हणून कुणी खुर्चीतून उठून तलवार फिरवून दाखवत नाही. पण पहारेकऱ्याची समजूत घालायची, म्हणजे पर्सुएशनची, वेळ आली की फर्मान सुटतं, "बोलून दाखव बघू!" मग चारचौघांत फडाफडा बोलणाऱ्याचा करिझ्मा (छाप पाडण्याचा गुण) जेमतेम ८ वाला बार्बेरियन (रांगडा लढवय्या) दरबार जिंकतो, आणि मुळात अबोल असलेला माणूस हौसेनं बार्ड (गोडबोल्या गवई) घेऊन बसलेला असतो, तो अडखळून हरतो. त्यानं ताकद आणि चिलखत यांवर पाणी सोडून करिझ्मा वाढवलेला असतो. तो हिशेब टेबलावर कुणी धरतच नाही.

आकडे बघा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत चौथ्या लेव्हलचा बार्ड, करिझ्मा १८, पर्सुएशनमध्ये प्रोफिशियन्सी (प्रावीण्य): फाशाच्या आकड्यात मिळवायचा मॉडिफायर एकूण +६. डीसी (गाठायचा आकडा) १५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के. करिझ्मा ८ चा, प्रोफिशियन्सी नसलेला बार्बेरियन -१ वर, त्याला १६ हवेत, म्हणजे २५ टक्के. आता डीएमनं "काय मस्त बोललास!" म्हणून बार्बेरियनला ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरायचा) दिला आणि "जरा कोरडंच झालं" म्हणून बार्डला डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान धरायचा). बार्बेरियन ४४ टक्क्यांवर, बार्ड ३६ वर. कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहिलेला कागद) उलटी झाली, आणि तीही डीएमच्या सहज बोलण्यातून.

दुसरं टोकही वाईटच. खेळाडू नुसतं म्हणतो, "पर्सुएशन. तेवीस. झालं का?" कुणाला काय पटवलं, कशाच्या जोरावर, काहीच नाही. अशा वेळी डीएमनं फासा पडू देऊच नये. पडला तरी मोजू नये.

माझं म्हणणं एवढंच की काय बोललं आणि कसं बोललं याची फारकत करा. "काय" हा खेळाडूचा डाव. समोरच्याकडून नेमकं काय हवंय आणि त्यासाठी पुढे काय करताय: पैसे, धाक, पुरावा, जुनी ओळख, थाप? डीसी यावरून ठरवा. "कसं" हे पात्राचं काम, आणि ते मॉडिफायरमध्ये आधीच मोजलेलं आहे. "मी त्याला कॅप्टनच्या सहीचं पत्र दाखवतो आणि उशीर झाला तर जबाब त्यालाच द्यावा लागेल असं सुचवतो", हे तृतीयपुरुषी, सपाट आवाजातलं एक वाक्य पुरेसं आहे. कुणाला आवाज बदलून, हातवारे करून बोलायचं असेल तर बोलू द्या, मजा येते. त्याचं बक्षीस टाळ्या किंवा इन्स्पिरेशन (नंतरच्या रोलला वापरायची सवलत). त्या रोलवर बोनस नाही.

उलट, डाव चांगला असेल तर तो मोजलाच पाहिजे. पहारेकऱ्याची बहीण आजारी आहे हे आधी शोधून काढलं आणि औषध घेऊनच गेले, तर डीसी उतरवा किंवा रोल सोडूनच द्या. ही मेहनत आहे, वक्तृत्व नाही. अबोल खेळाडू यात हमखास चमकतो.

डीसी काढायला २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमधला तक्ता अजून माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे, आणि नेमका तोच कुणी उघडत नाही. समोरचा मित्रभावी, तटस्थ की वैरी हे आधी ठरवायचं. तटस्थ माणूस डीसी १० ला बिनधोक्याचं काम करतो, २० ला थोडा धोका पत्करतो. मित्र १० लाच थोडा धोका पत्करतो आणि २० ला मोठा. वैरी २० ला फार तर बिनधोक्याचं काम करेल. वैऱ्याकडून जीव धोक्यात घालून घ्यायचं काम या तक्त्यात कुठेच नाही! गोड बोलून राजाचा मुकुट काढून घेणारे इथेच अडतात. "पण माझे वीस पडले!" पडू देत. पाचव्या आवृत्तीत वीस पडले की आपोआप यश हा नियम हल्ल्याच्या रोलला आहे, स्किल चेकला नाही. जे होणारच नाही त्यासाठी फासा मागितला ही चूक मात्र डीएमची. डी अँड डीच्या २०२४ च्या नियमांत हे स्पष्ट केलंय: समोरचा राजी असेल तर रोल नाही, मुळातच विरोधात असेल तरी रोल नाही. फासा फक्त तो घुटमळत असेल तेव्हा, आणि डीसी १५ किंवा त्याचा इंटेलिजन्स स्कोअर, जो जास्त असेल तो. (बुद्धिमान माणूस पटवायला अवघड हे गृहीतक मला फारसं पटत नाही, पण पटकन आकडा मिळतो हे खरं.)

सर्वात जास्त गळती पुन्हा-पुन्हा रोल करण्यात होते. २५ टक्के संधी तीनदा दिली की ती ५८ टक्के होते. मॉडिफायर शून्य असलेले चार जण डीसी १५ वर "मी पण प्रयत्न करतो" म्हणाले की कुणा एकाला तरी जमण्याची शक्यता ७६ टक्के. मग बार्डनं बार्ड व्हायचंच कशाला? एका मागणीला एक रोल. बाकीच्यांनी मदत करावी, पण प्रत्येकानं आपण नवीन काय जोडतोय ते सांगावं. नुसतं "हेल्प" म्हणून ॲडव्हांटेज नाही. परिस्थिती बदलली, नवा पुरावा आला, तर नवा रोल. २०२४ च्या नियमांत तोच आग्रह परत धरायला २४ तास थांबावं लागतं. द बर्निंग व्हील या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळात तर परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत पहिलाच निकाल कायम राहतो, आणि मला तो नियम जास्त आवडतो.

हरलं तर काय होईल हे फासा टाकण्याआधी सांगा. "नाही म्हणतो" हा सगळ्यात बेचव निकाल, कारण खेळ तिथेच थांबतो. त्यापेक्षा पहारेकरी दार उघडतो पण नाव लिहून घेतो, दुप्पट पैसे मागतो, वरिष्ठाला बोलावतो. धाकाचा निकाल तर यश आलं तरी महाग असावा: आज घाबरला, उद्या चुगली करणार. धिप्पाड पात्राला करिझ्माऐवजी स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) इंटिमिडेशन, म्हणजे धाकाचा रोल, करू देण्याची मुभा २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये आहे. ती जरूर वापरा.

इनसाइटचा (समोरच्याच्या मनातलं ताडण्याचा) रोल डीएमनं पडद्यामागे करावा, किंवा १० अधिक मॉडिफायर हा पॅसिव्ह आकडा धरावा. खेळाडूला स्वतःचा ३ दिसला की "तो खरं बोलतोय" या उत्तरावर त्याचा विश्वास बसणं अशक्य. आणि उत्तरात निवाडा देऊ नका, दिसलं ते सांगा: "भावाचं नाव निघालं तेव्हा तो थांबला." त्याचा अर्थ खेळाडूनं लावावा.

राहिलं एका खेळाडूनं दुसऱ्याच्या पात्रावर पर्सुएशन टाकणं. माझ्या टेबलावर बंद. रोल हवाच असेल तर २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या रोलप्लेइंग खेळाची पद्धत घ्या: जमलं तरी समोरच्याला हुकूम सुटत नाही, ऐकलंस तर अनुभवाची खूण मिळते, नाकारायचं तर धोका पत्करावा लागतो. हो म्हणायचं की नाही हे शेवटी ज्याचं पात्र त्यानंच ठरवायचं.