परदेशातून: जिव्रीकडची पांढरी वाट आणि आमची बुजलेली पाणंद

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणंदीवरून परत वाद पेटला. ओढ्यापासून शाळेकडे जाणारी जुनी पाणंद नकाशावर बैलगाडी जाईल एवढी रुंद आहे, पण दोन्ही बाजूंचे बांध सरकत सरकत आता एक माणूस कसाबसा जातो आणि मधे तर एकाने सरळ ऊसच लावलाय. निम्मे म्हणतात खुली करा आणि काँक्रीट टाका, निम्मे म्हणतात आता कुणाला लागते पाणंद, घरटी गाडी आहे, डांबरीने जा. मी नेमका त्याच सकाळी इकडे फ्रान्समधल्या बुर्गोन्यमध्ये असल्याच वाटांवरून साठ किमी सायकल मारून आलो होतो, दोन फोटो टाकले, तर चुलतभाऊ तात्याने लगेच लिहिलं, "तुमच्या सरकारकडं पैसा आहे बाबा, इथलं नको बोलू." दोन ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे लिहितोय.

तात्या, पैशाची गोष्ट काही अंशी खरी आहे. मी राहतो त्या शालों-स्युर-सोनपासून जवळच जिव्री नावाचं गाव आहे, तिथून क्ल्यूनीपर्यंत बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर 44 किमीचा रस्ता 1997 साली फक्त चालणारे आणि सायकलवाल्यांसाठी खुला केला. फ्रान्समधली ही पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट. 2004 पासून अशा वाटांना वाहतूक कायद्यात वेगळं स्थान आहे, मोटारगाडीला बंदी, चालणारा, सायकल आणि घोडा यांना परवानगी. पुढे माकाँच्या दिशेला ब्वा क्लेरचा सोळाशे मीटर लांब बोगदा लागतो, तो हिवाळ्यात बंद ठेवतात कारण आत वटवाघळं झोपलेली असतात, आपण मग खिंडीवरून चढून जायचं. मला हे फार आवडतं, की वटवाघळांसाठी माणसं हिवाळाभर वळसा घालतात आणि कुणी कुरकुर करत नाही.

पण ही वाट डांबरी आहे, तिला खर्च आला. मी फोटो टाकले ते तिथले नव्हतेच. ब्युसीच्या आसपास ती वाट सोडून बाजूला वळलं की द्राक्षमळ्यांमधून चुनखडीच्या पांढऱ्या वाटा जातात, दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा पट्टा, आणि पश्चिमेला शारोलेकडे गेलं की दोन्हीकडे झाडोऱ्याची कुंपणं आणि पलीकडे पांढऱ्या गाई. ग्रॅव्हल बाइक म्हणतात ती असल्याच वाटेसाठी असते, हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं पण टायर जाड, चाळीस मिमीच्या आसपास, हवा जरा कमी ठेवायची म्हणजे खडी टोचत नाही. तीन तीन तास गाडीचा आवाज येत नाही. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत बहुतेक वेळा नळ असतो तिथे भरायचं, सोमवारी बेकरी बंद असणार म्हणून खाणं बरोबर घ्यायचं, आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा सीझन असतो तेव्हा रंगीत जॅकेट घालायचं आणि 'शिकार चालू' अशी पाटी दिसली की गुपचूप मागे फिरायचं.

आता मुद्द्याचं. या वाटा सायकलवाल्यांसाठी कुणी बांधलेल्याच नाहीत रे! त्या आपल्या पाणंदीच आहेत. त्यांना 'शमँ र्युराल' म्हणतात, मालकी गावाची, वापर सगळ्यांचा. आणि त्यांचं दुखणंही आपल्यासारखंच आहे. महायुद्धानंतर इकडे शेतजमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा कुंपणं उपटली आणि कितीतरी वाटा नांगराखाली गेल्या (आपल्याकडे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा, काळ साधारण तोच). शिवाय लोकांचा वापर थांबला की गाव वाट विकू शकतं, आणि शेजारच्याने तीस वर्षं ती आपलीच म्हणून कसली तर वहिवाटीने मालकी सांगू शकतो. 2022 साली कायदा बदलून गावांना एक हत्यार दिलं, गावच्या कौन्सिलने आपल्या सगळ्या वाटांची मोजदाद करायचा ठराव घेतला की ही वहिवाटीची मुदत तेवढ्यापुरती थांबते. वाटेवरून लोक जातात येतात हाच तिच्या सार्वजनिक असण्याचा पुरावा धरतात, त्यामुळे रविवारी तिथून जाणारी म्हातारी, पोरं आणि माझ्यासारखा सायकलवाला, सगळेच नकळत साक्षीदार असतात.

कायदा आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चा आहे, अडवलेली वहिवाट तहसीलदार खुली करून देऊ शकतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि भावकीत वाईटपणा नको म्हणून आपण सहा महिने काय, वीस वर्षं गप्प बसतो. 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचा निर्णयही झाला. मग आपण ग्रुपवर भांडण्यापेक्षा आधी ती नोंद का करून घेत नाही?

"घरटी गाडी आहे" हे वाक्य मला सहन होत नाही. आबा दोन्ही वेळचं दूध सायकलला किटल्या लावून याच पाणंदीने डेअरीला नेत. ऊस लागून ती बंद झाली तेव्हा ते डांबरीने जायला लागले आणि त्याच गळीत हंगामात अंधारात विना-रिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉलीने त्यांना उडवलं, खुबा गेला, नंतर सायकलवर कधी बसले नाहीत. मी इथे निवांत वाटेवरून जातो तेव्हा मला निसर्गाच्या आधी आबा आठवतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, चांगलीच योजना आहे, पण ती मुलगी ती सायकल डंपरच्या शेजारून चालवणार असेल तर तिची आई तिला पाठवेल का? इथे गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, तरी मी मोठ्या रस्त्याला टरकतोच.

इकडच्या सगळ्याच गोष्टी उचला असं मी म्हणत नाही. विदर्भातल्या बंद पडलेल्या शकुंतला या नॅरोगेज रेल्वेच्या जागेवर असा सायकल ट्रॅक करा असं मधे एका मित्राने सुचवलं, मला ते अजिबात पटलं नाही, तिथल्या लोकांना ब्रॉडगेज गाडी हवी आहे आणि ती त्यांना मिळायला हवी. जिव्रीच्या वाटेवर जुन्या स्टेशनच्या इमारती अजून उभ्या आहेत, तिथली म्हातारी माणसं आजही गाडीची आठवण काढतात.

काँक्रीटचंही तेच. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, ऊस निघत नाही, तेव्हा ज्या पाणंदीने माल निघतो ती पक्की झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण शाळेची पाणंद वेगळी आहे. तिला मुरूम आणि दोन्ही कडेने पाण्याला चर एवढं पुष्कळ झालं, काँक्रीट केलं की ट्रॉल्या शॉर्टकट म्हणून तिथूनच घुसतील आणि पोरींना परत जागा उरणार नाही.

तात्या, डिसेंबरात मी येतोय. मोजणीचा अर्ज तोपर्यंत टाकून ठेव, फी मी भरतो. हद्दीचे दगड लागले की त्यांच्या आतून करंज आणि कडुनिंब लावू, खड्डे मी खणतो. ऊस लावलाय त्यांच्याशी बोलायला आपण दोघं जाऊ, सोबत आबांना घेऊ, ते घरातल्या खुर्चीत बसून याचीच वाट बघतायत.