रक्तगट जुळवून मूल निरोगी होत नाही

लग्नसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या भावकीच्या, गल्लीच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर स्थळ पाहणाऱ्यांना सावध करणारा एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत: नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल अपंग होते, देवक आणि गोत्र वेगळे असले की रक्त वेगळे, त्यामुळे मामाची मुलगी करायला काहीच हरकत नाही, गर्भ वारंवार पडतो तो ‘टॉर्च’च्या जंतूंमुळे, अंगावरून पांढरे जाणे म्हणजे पिशवी सडत चालल्याची खूण, तेव्हा जंतुनाशकाने धुवा, नाहीतर पिशवी काढून टाका, लग्नाला दोन वर्षे होऊनही मूल नसेल तर आधी सुनेची तपासणी करा, आणि शेवटी, बेळगावच्या दवाखान्यांत परदेशी पैशावर गरोदर बायकांवर औषधांचे प्रयोग होतात, म्हणून कुठल्याही कागदावर सही करू नका.

यातला एकही दावा जसा मांडला आहे तसा टिकत नाही. तरीही हसून सोडून द्यावा असा हा मजकूर नाही, कारण त्याने भीती घातली आहे ती निर्धोक गोष्टींची, आणि निर्धास्त राहायला सांगितले आहे ते नेमके जिथे तपासणी हवी तिथे.

रक्तगटापासून सुरुवात करू. दोघांचाही गट ‘ओ पॉझिटिव्ह’ किंवा ‘बी पॉझिटिव्ह’ असेल तर बाळाला त्यातून कोणताही धोका नसतो. खरे तर गट वेगळे असतानाच थोडी अडचण येऊ शकते. आई ‘ओ’ आणि बाळ ‘ए’ किंवा ‘बी’ असेल तर काही बाळांना जन्मानंतर कावीळ दिसते, आणि ती बहुधा सौम्य असते. ज्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे तो आर-एच घटक, म्हणजे गटापुढे लिहिलेले ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’. कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी १९४० साली तो जगापुढे मांडला. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारे घटक, तयार होऊ शकतात. पहिले बाळ सहसा सुटते, त्रास पुढच्या गर्भाला होतो. भारतात निगेटिव्ह गट साधारण ५ टक्के लोकांत आढळतो, आणि यावरचे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे. गरोदरपणाच्या २८व्या आठवड्याच्या सुमारास एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरे, अशी पद्धत आहे. गर्भपात झाला तरी हे इंजेक्शन लागू शकते, आणि चूक सर्वाधिक होते ती इथेच. ‘पडूनच गेले, आता कशाला’ म्हणून घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला मिळणाऱ्या तायी कार्डावर (आई-बाळाच्या नोंदीचे कार्ड) रक्तगट लिहिलेला असतो. तो निगेटिव्ह असेल तर लग्न मोडायचे कारण नाही, तारीख सांभाळायचे कारण आहे.

देवक-गोत्राच्या दाव्यावर जरा थांबावे लागेल, कारण आपल्या भागात दोन रिवाज शेजारी शेजारी नांदतात. मराठी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानण्याची जुनी रीत आहे, मावसबहीण मात्र सख्ख्या बहिणीसारखी आणि तिच्याशी लग्नाचा विचारसुद्धा नको. शेजारच्या अनेक कन्नड घरांत बहिणीची मुलगी मामाला देतात, जे मराठी माणसाच्या कानाला विचित्र वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नात्यातल्या लग्नांचे प्रमाण तामिळनाडू आणि कर्नाटकात देशात सर्वांत जास्त, म्हणजे ढोबळमानाने चारात एक, असे दिसते. प्रत्येक समाजाने आपापली चौकट आखली, आणि ती नाते-संपत्ती-मानपान यांच्या हिशेबाने आखली. जनुकांचा हिशेब तिच्यात नव्हता.

तो हिशेब मांडून पाहू. गोत्र बापाकडून चालते, जनुके मात्र आई आणि बाप दोघांकडून निम्मी-निम्मी येतात. समजा, आजोबांकडे एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे. दुसरी प्रत चांगली असल्याने त्यांना स्वतःला काही त्रास नाही. ती बिघडलेली प्रत मामाकडे येण्याची शक्यता १/२, मामाकडून त्याच्या मुलीकडे येण्याची १/४. तीच प्रत आईकडे येण्याची १/२ आणि तिच्या मुलाकडे १/४. या दोघांचे लग्न झाले तर दोघेही वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारे, असण्याची शक्यता १/१६, आणि बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची १/६४. आता त्याच मुलाने नात्याबाहेरची मुलगी केली आणि त्या जनुकाचे वाहक समाजात पन्नासात एक असतील, तर हीच शक्यता सुमारे १/८०० पर्यंत उतरते. मामा-भाचीच्या लग्नात ती १/३२ होते. मामेबहिणीऐवजी मावसबहीण धरून गणित केले तरी उत्तर १/६४ च येते, कारण दोघींचे नाते आजी-आजोबांमार्फत सारख्याच अंतराने जोडलेले आहे. एकीचे देवक वेगळे आणि दुसरी बहीण, हा भेद जनुकांना ठाऊक नसतो.

अर्थात याचा उलटा अतिरेकही नको. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता मुळात २ ते ३ टक्के असते. मामे-आते भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात, आणि ज्यांचे लग्न होऊन गेले आहे त्यांना टोमणे मारण्यात काही अर्थ नाही. पण घराण्यात थॅलेसेमिया (रक्त नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार), जन्मतः बहिरेपणा, स्नायू दुबळे होत जाणारा आजार किंवा बाळे लागोपाठ दगावण्याचा इतिहास असेल, तर रक्तगट जुळवत बसण्यापेक्षा जनुकीय सल्ला घेणे शहाणपणाचे. थॅलेसेमियाचे वाहक ओळखायला साध्या रक्तगणनेपाठोपाठ हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी पुरते. हे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर गेले तर वाहक असण्याची शक्यता धरतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के, आणि पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. पत्रिकेतले छत्तीस गुण पाहताना एवढी एक तपासणी का सुचत नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

‘टॉर्च’ हे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस यांच्या तपासण्यांचे एकत्र नाव. गर्भ पडला की ही तपासणी लिहून देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घरात सुतक आल्यासारखे वातावरण होते. वास्तविक आय-जी-जी पॉझिटिव्ह याचा अर्थ शरीराने तो जंतू पूर्वी कधीतरी पाहिला आहे, इतकाच. रुबेलाच्या बाबतीत तर ती दिलाशाची गोष्ट आहे. कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली आणि ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत लस टोचली गेली. त्या वेळी आठवी-नववीत असलेल्या मुली आज संसाराला लागल्या आहेत. त्यांच्या अहवालावर रुबेलाचा आय-जी-जी पॉझिटिव्ह येणारच, कारण लस दिली ती त्यासाठीच. ज्या आजाराने गर्भातल्या बाळाला मोतीबिंदू होतो हे ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवले, त्याच्यापासून मिळालेले संरक्षण या मजकुराने रोग ठरवून टाकले आहे. वारंवार गर्भपातासाठी सरसकट ‘टॉर्च’ करू नये, असेच आजचे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते.

मग गर्भ का पडतो? पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना चुकलेली असते, आणि ती चूक बहुधा त्या एका गर्भापुरतीच असते; सुनेने जड घागर उचलली किंवा पपई खाल्ली म्हणून ती होत नाही. पुन्हा पुन्हा असे झाले तर थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्तात गुठळ्या करणारी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आणि गरजेप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी करतात. यातल्या प्रतिपिंडांवर ॲस्पिरिन आणि हेपॅरिनचा उपचार आहे.

जंतूंचाच विषय निघाला म्हणून, या मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही असा एक जंतू सांगतो: ब्रुसेला. गाभण म्हैस किंवा गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते त्याचे हा एक मोठे कारण आहे, आणि तो माणसालाही लागतो. उघड्या हाताने वार ओढून काढणे, गाभडलेले वासरू बिनहातमोज्यांनी उचलणे, आणि गरोदर बाईला ताकद यावी म्हणून धारोष्ण दूध पाजणे हे त्याचे तीन सरळ रस्ते. बाईला लागण झाली तर हेलकावे खाणारा ताप, सांधेदुखी आणि प्रसंगी गर्भपातही होतो. दूध उकळले की जंतू मरतो. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात याची लस मिळते. गोठा असलेल्या घरातल्या गरोदर बाईला ताप आला तर गोठ्याची हकीकत डॉक्टरांच्या कानावर घालावी.

पांढरे जाण्याबद्दलचा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू मुळातच राहतात. जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचे वर्णन केले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथली आम्लता ३.८ ते ४.५ पीएचच्या आसपास राहते आणि दुसऱ्या जंतूंना शिरकाव मिळत नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात पांढरे पाणी जाणे ही शरीराची रोजची रीत आहे. डेटॉलने, कडुलिंबाच्या काढ्याने किंवा जाहिरातीतल्या महागड्या द्रवाने आतून धुतले की राखणदारच हाकलले जातात, आणि मग मासळीसारखा वास येणारा संसर्ग वाढतो. दह्यासारखे घट्ट आणि खाज असेल तर बुरशी, पिवळे-हिरवे फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी, असा साधारण भेद असतो, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. संबंधानंतर रक्त दिसले, किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेले, तर मात्र गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये.

पिशवी काढण्याचा सल्ला तर तर्कालाही धरून नाही, कारण हा संसर्ग बहुतेक वेळा योनीत असतो, पिशवीत नसतो. पिशवी गेली तरी तो राहू शकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या तरुण बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या पट्ट्यातही उसाचे फड आहेत, तेव्हा हे लांबचे समजू नये.

यात नवऱ्याचा भाग असतो हे तर कुणी काढतच नाही. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मासळीसारख्या वासाचा संसर्ग, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, असलेल्या बायकांच्या जोडीदारांनाही गोळ्या आणि मलम दिले, तेव्हा १२ आठवड्यांत संसर्ग उलटण्याचे प्रमाण ३५ टक्के राहिले. फक्त बाईवर उपचार केले तेव्हा ते ६३ टक्के होते. मूल न होण्याचेही तसेच. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडची अडचण एकटी किंवा सोबतीने असते, आणि वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत स्वस्त आणि बिनवेदनेची. ती पहिल्याच आठवड्यात व्हावी. बाईच्या नळ्यांची तपासणी, त्यातही जननेंद्रियांच्या क्षयाचा शोध (आपल्या देशात नळ्या बंद होण्याचे ते मोठे कारण आहे आणि खोकला नसतानाही तो असतो), त्यानंतर.

राहिला बेळगावातल्या प्रयोगांचा दावा. इथे संशोधन होते, त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी मिळत आला आहे, हे खरे आहे आणि लपवलेलेही नाही. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज अनेक वर्षे अशा बहुराष्ट्रीय अभ्यासांचे केंद्र आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास झाला. बाळंतपणानंतर रक्त थांबवणारे ऑक्सिटोसिन थंडीत ठेवावे लागते आणि टोचावे लागते. ही गोळी खेड्यातली नर्सबाई पर्समधून नेऊ शकत होती. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बेळगाव आणि नागपूरसह सात देशांतील २९ हजारांहून अधिक बायकांना प्रसूतीच्या कळा सुरू असताना २ ग्रॅम ॲझिथ्रोमायसिन किंवा बिनऔषधाची गोळी दिली. आईचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, नवजात बाळांच्या जंतुदोषात मात्र फरक पडला नाही. हा दुसरा निष्कर्षही तितक्याच स्पष्टपणे छापला गेला. म्हणून ही गोळी दुकानातून आणून घरी देऊ नये; जंतूंनी औषधाला दाद न देण्याचा प्रश्न त्यात आहेच.

सहीबद्दलची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. आपल्या भागातल्या अनेक मराठी बायकांना कन्नड वाचता येत नाही, आणि गर्दीच्या वॉर्डात ‘इथे सही करा’ एवढ्यावर काम भागवणे सोपे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि औषध चाचण्यांचे २०१९ चे नियम यांनुसार माहितीपत्रक सहभागी बाईला समजेल अशा भाषेत हवे. नाही म्हटले तरी तिच्या नेहमीच्या उपचारांत कपात करता येत नाही, मधेच बाहेर पडायला कारण द्यावे लागत नाही, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळते. चाचणीची नोंद देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत असते; २००९ पासून ती सक्तीची आहे. माहितीपत्रक मराठीत मागावे, नोंदणी क्रमांक विचारावा, ते घरी नेऊन वाचावे, आणि मग सही करायची की नाही ते त्या बाईने स्वतः ठरवावे.