लिनक्सवाल्यांनो, हा फॉरवर्ड थांबवा

वसुबारसेच्या संध्याकाळी मिरजेहून काकांचा फोन आला. "अरे, सगळ्या पत्रिका इंग्रजी झाल्यात. एक अक्षर वाचता येत नाही. काय तरी कर बाबा."

काकांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वास्तुशांतीची कार्डं, कधी एखाद्या निवृत्त मास्तरांचा कवितासंग्रह. पस्तीस वर्षं हेच काम. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, म्हणजे दिवाळीच्या मागचेपुढचे दिवस त्यांच्या ऐन कमाईचे. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांनी एका मुलाला बोलावून दुकानातल्या मशीनचं विंडोज काढून त्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेतलं होतं. का, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला म्हणून.

तुम्हालाही तो आला असेल. त्यात म्हटलंय ते असं: १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० बंद होणार, त्यानंतर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही आणि आतला डेटा पुसला जाईल. लिनक्स फुकट आहे आणि त्याला व्हायरस लागूच शकत नाही. विंडोजची सगळी सॉफ्टवेअर लिनक्सवर जशीच्या तशी चालतात, मराठीसुद्धा. जगातले सगळे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर आहेत. मॅकसुद्धा आतून लिनक्सच आहे. भारत सरकारनेही विंडोज हद्दपार केलंय. शेवटी, दहा जणांना पाठवा.

मी स्वतः बारा वर्षं लिनक्स वापरतोय, घरीही आणि कामालाही. हा मजकूरही तिथूनच टाइप करतोय. म्हणून माझा राग दुप्पट आहे. हे खोटं माझ्या आवडत्या गोष्टीच्या नावाने फिरतंय, आणि त्याचा फटका माझ्याच घरात बसलाय.

"१४ ऑक्टोबरनंतर कॉम्प्युटर सुरू होणार नाही, डेटा जाईल"

साफ खोटं. आणि हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय की त्या तारखेनंतरही विंडोज १०वाला कॉम्प्युटर चालत राहील, फक्त सुरक्षेचे अपडेट, नव्या सोयी आणि तांत्रिक मदत मिळणार नाही. डेटा पुसण्याचा कुठे उल्लेखही नाही. ज्या कंपनीचं विंडोज आहे ती स्वतः हे सांगतेय, आणि आपण कुणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवून फॉरमॅट मारतो! काकांच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे विंडोज १०च आहे. १४ तारीख उलटून तीन दिवस झाले होते आणि तो आधार कार्डाच्या कॉपी काढत बसला होता.

आता यातलं अर्धं खरं आहे तेही सांगतो. अपडेट थांबलेली मशीन नेटला जोडून वर्षानुवर्षं चालवणं धोक्याचंच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर मशीन कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा तसलाच व्हायरस आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम बंद पडलं. त्यामुळे "काही होत नाही, चालू दे" असं मी कुणालाच सांगणार नाही.

पण त्यावर लगोलग मशीन फॉरमॅट करणं हा इलाज नव्हता. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून दिलेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसेही पडत नाहीत. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच त्याची लिंक येते. काकांना एक अख्खं वर्ष मिळत होतं. फॉरवर्डमध्ये त्याचा एक शब्द नाही.

"विंडोजची सगळी सॉफ्टवेअर लिनक्सवर जशीच्या तशी चालतात, मराठीसुद्धा"

खरं नुकसान या वाक्याने केलं, म्हणून इथे जरा थांबतो.

मी पोचलो तेव्हा काकांच्या पडद्यावर एक पत्रिका उघडलेली होती. वर "श्री गजानन प्रसन्न" असायला हवं तिथे रोमन अक्षरं, टिंबं, अवतरणचिन्हं, पाउंडाची खूण, असा सगळा कचरा. गणपतीचं चित्र तेवढं जागेवर. डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल (तो खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) नेहमीसारखा मागच्या पोर्टात खोचलेला, पण त्याला विचारणारं सॉफ्टवेअरच मशीनवर उरलं नव्हतं. काका त्या पडद्याकडे बघत म्हणाले, "फाइली आहेत म्हणतो तो मुलगा. आहेत तर मग दिसत का नाहीत?"

कारण असं आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी डीटीपी ज्या फॉन्टांवर उभं राहिलं, त्यात मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांकच नव्हता. रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फाइलमध्ये साठवलेलं असतं रोमन अक्षर, आणि फॉन्ट ते मराठी करून दाखवतो. फॉन्ट गेला की खालचं रोमन उघडं पडतं. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर श्रीलिपी असो, आयएसएम असो, पानं मांडायच्या पेजमेकर आणि कोरलमध्ये याच पद्धतीने महाराष्ट्रभर दोन-तीन दशकं काम झालंय. गावोगावच्या दुकानांत त्या फाइलींचे ढीग आहेत आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मागल्या वर्षी थोरल्याच्या लग्नाला केलेली तीच पत्रिका काढा, नावं तेवढी बदला."

कुणी म्हणेल, फॉन्ट कॉपी करून लिनक्सवर टाका. टाकता येतो, अक्षरं दिसूही लागतील. पण नाव बदलायचं कसं? कळ दाबली की योग्य तुकडे योग्य क्रमाने जोडण्याचं काम फॉन्ट करत नाही, सोबतचं सॉफ्टवेअर करतं, आणि काकांकडचं ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं आहे. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे बरेच प्रोग्राम लिनक्सवर चालतात हे खरं, मीही चालवतो. पण डोंगलला लागतो ड्रायव्हर, म्हणजे त्याची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा प्रोग्राम, आणि विंडोजचा ड्रायव्हर वाइनमध्ये चालत नाही. कोरलड्रॉ आज लिनक्ससाठी मिळत नाही. पेजमेकरची फाइल लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, पण मांडणी विस्कटते, आणि विस्कटलेली पत्रिका घेऊन काका गिऱ्हाइकाकडे जाणार आहेत का? हिशेबाची टॅलीही विंडोजवरची. जीएसटीचं ऑफलाइन टूलही विंडोज धरूनच बनवलेलं.

या माणसाला "सगळं जसंच्या तसं चालतं" असं सांगणं म्हणजे सुताराला रंधा काढून घेऊन कानस हातात देणं. दोन्ही हत्यारं चांगली आहेत. पण त्याला खिडकीची चौकट उद्या द्यायची आहे.

मराठीबद्दल मात्र थोडं कबूल करायला हवं, कारण उलट बाजूचे लोकही "लिनक्सवर मराठी येत नाही" असं ठोकून देतात. तेही चूक आहे. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालतं. इन्स्क्रिप्ट हा कळपाट आहे, गमभनसारखी उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धत आहे, लोहित आणि नोटो फॉन्ट आहेत. "वाऱ्यावर" आणि "दुसऱ्या" यांतला ऱ्य नीट येतो. भाषा मराठी निवडली तर फॉन्टमध्ये सोय असेल तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. लिब्रेऑफिसचे मेनूही मराठीत करता येतात. कोऱ्या पानावर नवं मराठी लिहिणाऱ्याला काहीच अडचण नाही. काकांचं काम कोऱ्या पानावरचं नाही, एवढाच मुद्दा आहे. शिवाय त्यांची बोटं टाइपरायटरच्या कळपाटावर तयार झालेली. साठीनंतर लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावं असं सांगायची माझी तरी हिंमत नाही.

"लिनक्सला व्हायरस लागूच शकत नाही"

तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. "लग्नाचं आमंत्रण" म्हणून आलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची, फाइल दाबून ज्यांची खाती रिकामी झाली, त्यांच्या हातात काय होतं मग? लोकांनी स्वतःच परवानगी दिली की कुठलीही सिस्टीम त्यांना वाचवत नाही.

डेस्कटॉपवर लिनक्सला त्रास कमी होतो हे मीही अनुभवतो. एक तर सॉफ्टवेअर एका ठिकाणाहून तपासून येतं, दुसरं म्हणजे घरगुती वापरणारे थोडे असल्याने चोरांना तिथे फारशी कमाई नाही. पण "कमी" आणि "लागूच शकत नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्च २०२४मध्ये लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या, फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या साध्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं. दोनेक वर्षं विश्वास कमवून, आतला माणूस बनून केलेलं काम. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला आणि त्याने खोदून काढलं, म्हणून ते जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याआधी सापडलं. मॅकवालेही असंच म्हणायचे. २०१२मध्ये फ्लॅशबॅक या व्हायरसने सहा लाखांच्या आसपास मॅक बाधित केले, त्यानंतर ते म्हणणं बंद पडलं.

सुपरकॉम्प्युटर, मॅक, सरकार

जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरवर २०१७पासून लिनक्सच आहे. अगदी खरं. पण हवामानाचं गणित करणाऱ्या यंत्राला लग्नपत्रिका छापायची नसते.

मॅक आतून लिनक्स नाही. त्याचा गाभा माख आणि बीएसडी या वेगळ्या सिस्टीमच्या घराण्यातला. लिनक्स आणि तो दोघेही युनिक्स या जुन्या सिस्टीमच्या वळणाचे, म्हणून नातेवाईक म्हणा, एकच म्हणू नका.

सरकारचं म्हणाल तर संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर उबुंटू या लिनक्सवर आधारलेली 'माया' ही सिस्टीम आणायचं ठरवलं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस नावाचं लिनक्सही कितीतरी वर्षांपासून आहे. याचा अर्थ विंडोज देशातून हद्दपार झालं असा होत नाही. कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन पडदा बघा.

"फुकट"

लिनक्स फुकट आहे, मान्य. काकांना ते कितीला पडलं ते ऐका. टाकून देणाऱ्या मुलाने दीड हजार घेतले. विंडोज परत बसवायला मी नवी एसएसडी डिस्क घेतली, कारण जुन्या डिस्कला हात लावायची मला भीती वाटत होती. विंडोजचं लायसन्स मशीनला जोडलेलं होतं म्हणून ते आपोआप चालू झालं, नाहीतर तोही खर्च होता. मग डोंगलचा ड्रायव्हर, फॉन्ट, कोरल, प्रिंटर, एकेक करत लक्ष्मीपूजनाची दुपार उजाडली. ट्रेसिंग पेपरवर पहिली स्वच्छ पत्रिका निघाली तेव्हा काकांनी ती दिव्यासमोर धरून दोनदा वाचली. पण तोवर दोन गिऱ्हाइकं सांगलीला निघून गेली होती. त्यातलं एक घर वीस वर्षांपासूनचं.

तो मुलगा वाईट नाही. त्याने फाइली पेनड्राइव्हवर नीट काढून ठेवल्या होत्या, नाहीतर रडायची वेळ होती. त्याने फक्त एक गोष्ट विचारली नाही, की "काका, तुम्ही यावर दिवसभर काय करता?"

फॉरवर्ड पाठवणाऱ्या आमच्या नातेवाइकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मी चांगल्या हेतूनेच पाठवलं, लिनक्स चांगलंच आहे ना?" चांगलंच आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून हजारो धडधाकट मशीन नाकारल्या जातायत. त्यांतल्या ज्यांच्यावर फक्त ब्राउझर, मेल, यूट्यूब आणि थोडं लिखाण चालतं, त्या मिंट नावाच्या लिनक्सवर अजून चार-पाच वर्षं आरामात काढतील. माझ्या आत्याचा लॅपटॉप असाच मी गेल्या वर्षी बदलून दिला. आधी पेनड्राइव्हवरून काही न पुसता आठवडाभर वापरायला दिला, तिला जमलं, मगच डिस्कवर टाकला. तिचं सगळं ब्राउझरमध्येच असतं. तिच्याकडे डोंगल नाही.

त्यामुळे मिरज-सांगली भागात कुणाला जुन्या मशीनवर लिनक्स टाकायचं असेल तर मला सांगा, रविवारी येऊन टाकून देईन, पैसे नकोत. फक्त मी येईपर्यंत फॉरमॅट मारू नका, आणि मशीनच्या मागे काही खोचलेलं असेल तर ते तसंच राहू द्या.